सायकलीला वेगळी वाट हवी काय?

सायकलीचा विषय निघाला की पुण्यातला माणूस आधी आठवणींत शिरतो. हँडलला लटकवलेला कराचा पितळी बिल्ला, दिव्यावाचून जाताना चौकात पोलिसाने धरल्यावर केलेली आर्जवे, डबलसीटचा दंड, तासाच्या भाड्याने आणलेली सायकल आणि तिच्या दांडीखालून पाय घालून शिकलेले हाफ पॅडल, हे सारे सांगून होईपर्यंत अर्धा तास सहज निघून जातो. आज पहाटे जो वर्तमानपत्रवाला किंवा रात्रपाळीचा पहारेकरी खरोखरीच सायकलवरून आला, त्याची मात्र कुणाला आठवण होत नाही. तेव्हा त्या गोड आठवणी तूर्त बाजूला ठेवून त्या पहारेकऱ्याचा प्रश्न घेऊ. त्याला मोटारींपासून वेगळी वाट करून द्यावी, की आहे त्याच रस्त्यावरून त्याला निर्धास्तपणे जाता यावे अशी तजवीज करावी?

वरवर पाहता यात विचारण्यासारखे काय आहे असे वाटेल. हत्ती आणि शेळी एका गोठ्यात बांधू नयेत, इतकी ही साधी गोष्ट दिसते. परंतु या प्रश्नावर जगात नव्वद वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. आणि मौज अशी की वेगळ्या वाटेला कडवा विरोध प्रथम केला तो सायकलस्वारांनीच.

ही गोष्ट लंडनची. १९३० च्या कायद्याने इंग्लंडने मोटारींवरील वेगाची मर्यादा उठवली होती. मोटारवाले सुजाण असतात, ते आपापला वेग सांभाळतील, अशी त्यामागची श्रद्धा. १९३४ साली त्या देशात रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. सरकारची श्रद्धा डळमळली आणि वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आणण्याचा कायदा त्याच वर्षी झाला. त्याच डिसेंबरात हॉर-बेलिशा या वाहतूकमंत्र्यांनी वेस्टर्न ॲव्हेन्यू या रस्त्याच्या कडेने बांधलेल्या अडीच मैलांच्या सायकलमार्गाचे उद्घाटन केले. मार्ग साडेआठ फूट रुंद होता. सायकलस्वारांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या जुन्या व वजनदार संस्थेने, सायकलिस्ट्स टूरिंग क्लबाने, निषेध केला. म्हणणे असे की, रस्त्यावर आमचा हक्क मोटारींच्या आधीचा आहे. आज कडेची वाट देता, उद्या मधला रस्ता आम्हाला बंद कराल. आणि धोका निर्माण करणाऱ्याला मोकळे सोडून ज्याला धोका आहे त्यालाच बाजूला काढणे हा कुठला न्याय?

हा आक्षेप निव्वळ हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. जर्मनीत १९३४ च्याच सुमारास झालेल्या नियमांनी सायकलमार्ग असेल तेथे तो वापरण्याची सक्ती केली. मार्ग खडबडीत असो, अरुंद असो, सायकलस्वाराने मुख्य रस्त्यावर येता कामा नये. ही सरसकट सक्ती उठायला १९९८ साल उजाडावे लागले. त्यानंतर जेथे तशी पाटी असेल तेवढ्याच ठिकाणी ती उरली. लंडनच्या मंडळींनी जी भीती बोलून दाखवली होती ती शेजारच्या देशात शब्दशः खरी झाली होती. पुढे १९७० नंतर कॅलिफोर्नियात जॉन फॉरेस्टर नावाच्या इंजिनिअराने याच विचाराला शास्त्राचे रूप दिले. त्याच्या मते सायकल हे वाहन आहे आणि तिच्यावर बसणाऱ्याने वाहनचालकासारखेच वागावे. मधल्या लेनमध्ये यावे, हात दाखवावा, वळावे. कडेने अंग चोरून जाण्यातच अधिक धोका. फॉरेस्टर २०२० साली वारला, पण त्याचे अनुयायी आजही आहेत, आणि आपल्याकडे रोज पंचवीस-तीस किलोमीटर सायकल मारणारे धट्टेकट्टे तरुण भेटतात त्यांच्याही बोलण्यात हेच सूत्र असते. त्यांना पट्टी नको असते. त्यांच्या पायांत जोर आहे आणि छातीत धीर आहे.

पण रस्ता केवळ छातीत धीर असणाऱ्यांसाठी बांधायचा नसतो. येथे थोडे गणित करणे भाग आहे. ते शाळेतल्या पदार्थविज्ञानापलीकडे जात नाही.

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ८ मीटरांहून थोडे अधिक अंतर तोडते. समोर अकस्मात काही आले तर ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ८ मीटर तर ब्रेक न लागताच गेले. नंतर कोरड्या रस्त्यावर व उत्तम ब्रेकांनी ती गाडी आणखी ५ मीटरांत थांबते. एकूण १३ मीटर झाले. आता वेग ताशी ५० करा. एका सेकंदात १४ मीटर जातात, आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४, एकूण २८. आता असे समजा की गाडीपासून बरोबर १३ मीटरांवर एक मूल सायकलवरून गल्लीतून बाहेर आले. पहिली गाडी त्याच्या चाकाजवळ येऊन थांबते. दुसऱ्या गाडीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाही नसतो; ती पूर्ण ५० च्या वेगाने त्या मुलावर आदळते. वेगात फरक २० चा, परंतु एका घरी मूल जेवायला येते आणि दुसऱ्या घरी येत नाही.

आघाताचा हिशेबही असाच. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे आपण शिकलो आहोत. उंचीवरून पडण्याच्या भाषेत सांगायचे तर ताशी ३० चा वेग म्हणजे साधारण साडेतीन मीटरांवरून, पहिल्या मजल्याच्या सज्जातून पडणे; ताशी ५० म्हणजे जवळजवळ १० मीटरांवरून, तिसऱ्या मजल्यावरून. पहिल्या मजल्यावरून पडलेली माणसे हातपाय मोडून का होईना बहुधा वाचतात. तिसऱ्याचे काय, ते सांगायला नको. हेल्मेटचा उपयोग किती, हाही वाद येथेच निकालात निघतो. हेल्मेट घालावे; सायकलवरून आपले आपण पडलो तर डोके वाचते. मात्र तिसऱ्या मजल्यावरून उडी मारणाऱ्याला टोपी देऊन आपली जबाबदारी संपली असे कोणी मानू नये.

म्हणजे खरी विभागणी सायकल आणि मोटार यांच्यात नसून वेगावेगांत आहे. जेथे मोटारी थोड्या आहेत आणि ३० च्या आत चालतात तेथे सर्वांनी एकाच रस्त्यावरून जावे. तेथे फॉरेस्टरचे म्हणणे बरोबर आहे आणि वेगळी वाट म्हणजे पैशाची नासाडी. जेथे मोटारी ५० ने धावणार आणि पुष्कळ धावणार, तेथे दहा वर्षांच्या मुलीने मधल्या लेनमध्ये येऊन ‘वाहनचालकासारखे’ वागावे असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. दोन्ही पक्ष बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या रस्त्यांवर.

हे सूत्र ज्यांनी धडा म्हणून शिकले त्या हॉलंड देशाचा इतिहास आपल्याकडे नीट सांगितला जात नाही. डच लोकांच्या रक्तातच सायकल आहे, आपल्या रक्तात ती नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुस्थिती अशी की १९५० नंतर तेथेही सायकली भराभर कमी झाल्या, जुने भाग पाडून रस्ते रुंद करण्याच्या योजना झाल्या, आणि १९७१ साली त्या सव्वा कोटीहून थोड्या अधिक वस्तीच्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. फिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेला जाताना त्यांतच गेली. १९७२ साली त्याने आपल्या दैनिकात लेख लिहिला. मथळा होता ‘बालहत्या थांबवा’. अपघात हा शब्दच त्याने टाकला. जी गोष्ट दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच कारणाने, ठरलेल्या संख्येने घडते तिला अपघात कसे म्हणावे? त्या मथळ्याच्या नावाने संघटना उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले. १९७३ च्या हिवाळ्यात तेलाची टंचाई आली, सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या, आणि मोकळा रस्ता दिसतो कसा हे साऱ्या देशाने पाहिले.

एवढ्याने मात्र सायकलमार्ग चांगले झाले नाहीत. हेग आणि टिलबर्ग या शहरांत सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने एकेक सुरेख नमुन्याचा मार्ग बांधून पाहिला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या. पण आजूबाजूच्या रस्त्यांवरच्याच सायकली तेथे आल्या होत्या, शहरात एकंदर फारशी वाढ झाली नाही. एक रस्ता सोन्याचा केला तरी घरापासून त्या रस्त्यापर्यंत आणि तेथून शाळेपर्यंत कसे जायचे हा प्रश्न राहतोच. नळाच्या पाइपाचा मधलाच तुकडा बसवावा तशातला तो प्रकार. हे ध्यानात घेऊन ऐंशीच्या दशकात डेल्फ्ट या गावी सबंध गावाचे जाळे हाती घेण्यात आले, आणि तेव्हा फरक दिसला. त्याच डेल्फ्टमध्ये घरांच्या गल्ल्यांत कुंड्या, झाडे, वळणे घालून मोटारीला माणसाच्या चालीने जावे लागेल अशी रचना आधीच झाली होती. १९७६ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. म्हणजे गल्लीत वेग उतरवायचा, हमरस्त्यावर वाट वेगळी करायची, आणि दोन्ही मिळून अखंड जाळे विणायचे. २०२३ साली त्या देशात रस्त्यांवर ६८४ मृत्यू झाले, आणि वस्ती मधल्या काळात पावणेदोन कोटींच्या वर गेली होती. या ६८४ पैकी २७० सायकलस्वार होते, म्हणजे मोटारीत बसलेल्यांहून अधिक. त्यांतले बरेच वृद्ध. तेव्हा तिकडे स्वर्ग अवतरला आहे असेही कोणी समजू नये.

आता ज्या जागी सायकलमार्गाची परीक्षा होते त्या जागेकडे, म्हणजे चौकाकडे वळू. विरोधकांचा सर्वांत सबळ मुद्दा येथलाच आहे. दोन चौकांच्या मधे वेगळी वाट सुरक्षित असते हे ते मान्य करतात. परंतु सायकल डाव्या कडेच्या वाटेने सरळ निघाली आहे आणि तिच्या उजव्या हाताचा ट्रक डावीकडे वळतो आहे, अशी कल्पना करा. मघापर्यंत झाडांच्या वा उभ्या गाड्यांच्या आड असल्याने ट्रकवाल्याने सायकल पाहिलेली नाही, आणि सायकलस्वाराला वाटते की आपण आपल्या वाटेने जातो आहोत. दोघेही आपल्या जागी बरोबर, आणि चाकाखाली मात्र एकच जण जातो. नुसता रंगाचा पट्टा मारून चौकापाशी तो सोडून देणे म्हणजे माणसाला विहिरीच्या काठापर्यंत गालिचा घालून देणे होय.

यावर उपाय आहे, आणि तो भूमितीचा आहे. चौक येण्यापूर्वी सायकलची वाट मुख्य रस्त्यापासून पाच-सहा मीटर आत वळवून घ्यायची. मग डावीकडे वळणारी मोटार आधी वळण पुरे करते आणि वाटेशी जवळजवळ काटकोनात येते. चालकाला सायकलस्वार आरशात शोधावा लागत नाही, तो समोरच्या काचेतून दिसतो. आणि सायकल जाईपर्यंत थांबायला मोटारीच्या लांबीएवढी जागाही मिळते. कोपऱ्याचा कठडा तोकड्या त्रिज्येचा ठेवायचा, म्हणजे वेग कमी केल्यावाचून वळताच येत नाही. आपल्याकडे नेमके उलट होते. वाहतूक सुरळीत व्हावी म्हणून चौकांचे कोपरे छाटून गोल केले जातात, सिग्नल तांबडा असतानाही डावीकडे जायला वाट मोकळी ठेवतात, आणि त्या मोकळ्या वाटेवर म्हाताऱ्या माणसाला व सायकलस्वाराला संधी साधून पळावे लागते. शिवाय छोट्या गल्लीच्या तोंडाशी सायकलमार्ग खाली उतरवून पुन्हा चढवण्याची आपली रीत आहे. खरे म्हणजे मार्ग सपाट राहून मोटारीने चढउतार करावा. कोणी कोणाला वाट द्यायची हे पाटीपेक्षा तो चढच अधिक स्पष्ट सांगतो.

पुण्यात सायकलमार्ग झालेच नाहीत असे नाही. २००५ च्या अखेरीस केंद्राची शहर-पुनर्निर्माण योजना सुरू झाली, २००६ साली राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले, आणि त्या पैशातून सातारा रस्ता, सोलापूर रस्ता अशा ठिकाणी जलद बसमार्गाबरोबर सायकलमार्गही आखले गेले. २०१७ च्या अखेरीस पालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशेहून अधिक किलोमीटरांचे जाळे कल्पिले होते. कागद उत्तम आहे. झालेल्या मार्गांवरून जो गेला आहे त्याला मात्र ठाऊक आहे की मध्येच विजेचा खांब येतो, पुढे झाड येते, मग वीजमंडळाची पेटी, मग चहाची टपरी, मग बसथांबा, आणि चौक आला की मार्ग गुप्त होतो. अशा मार्गावर सायकल फिरकत नाही. आणि मग ‘बघा, मार्ग केले तरी कोणी वापरत नाही’ असे म्हणायला आपण मोकळे.

आपल्याजवळ ज्ञान नव्हते अशी सबब सांगता येत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९६२ सालीच सायकलमार्गांविषयी शिफारशी छापल्या आहेत. ज्या रस्त्यावर ताशी १०० ते २०० मोटारगाड्या जातात तेथे गर्दीच्या वेळी ताशी ४०० सायकली असल्या तर मार्ग वेगळा करावा. मोटारगाड्या ताशी २०० च्या वर गेल्या तर सायकली अवघ्या १०० असल्या तरी करावा. रुंदी किमान २ मीटर असावी, आणि एकमेकांना ओलांडता यावे असे वाटत असेल तर ३ मीटर. आज ताशी २०० गाड्या ही संख्या एखाद्या आडरस्त्यालाही शोभणार नाही. ज्या वेळी हे लिहिले गेले त्या वेळी रस्ते सायकलींनी भरलेले होते आणि मार्ग झाले नाहीत. पुढे आकुर्डीच्या स्कूटरी आल्या, १९७२ पासून लूना आली, सायकली उतरत गेल्या, आणि मग मार्ग झाले.

या स्कूटरींमुळे आपला प्रश्न डच लोकांच्या प्रश्नाहून वेगळा झाला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २०१८ च्या आकडेवारीप्रमाणे पुण्यात सुमारे ३६ लाख वाहने नोंदलेली होती आणि त्यांपैकी सुमारे २७ लाख दुचाकी. सायकलमार्गाच्या तोंडाशी खांब रोवले तरी ज्या फटीतून सायकलचे हँडल जाते त्या फटीतून स्कूटरचेही जाते. फट आणखी लहान केली तर मागे दुधाच्या किटल्या लावलेली सायकल अडते, आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस पदपथावरून मार्गावर येऊ शकत नाही. मला वाटते येथे दोषाचे मूळ पाहावे. पुष्कळ दुचाकीवाले सायकलमार्गात घुसतात ते उलट्या दिशेने जाण्यासाठी; कारण दुभाजक एवढा लांब की समोरच्या दुकानात जायला दीड किलोमीटरचा वळसा. तेथे ओलांडण्याची जागा दिली तर निम्मा उपद्रव आपोआप थांबेल. उरलेल्यांसाठी दंड आहे. आणि दुचाकीवाल्यावर नुसते डोळे वटारून चालणार नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली त्यांत शेकडा ४४ दुचाकीवरचीच होती, आणि शेकडा १९ पायी चालणारी. जो वेग सायकलस्वाराला मारतो तोच यांनाही मारतो.

पेठांतल्या गल्ल्यांत सायकलमार्ग आखणे हा वेडेपणा होईल. तेथे हवा आहे तो ३० चा, किंबहुना २० चा वेग, आणि तो पाटीने न येता रस्त्याच्या घडणीने यायला हवा. मोठ्या रस्त्यांवर मात्र वेगळी, उंचावलेली, अखंड वाट हवी. सायकली वाढल्या की धोका वाढेल अशी एक शंका नेहमी निघते. २००३ साली जेकबसेन या अमेरिकन संशोधकाने निरनिराळ्या गावांचे व देशांचे आकडे ताडून दाखवले की सायकलस्वार दुप्पट झाले तर अपघात दुप्पट न होता सुमारे एक तृतीयांशाने वाढतात. कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. रोज शंभर सायकली पाहणारा चालक सायकलीची अपेक्षा ठेवूनच वळतो, हे एक कारण आपल्यालाही पटण्यासारखे आहे.

हा सारा खटाटोप कोणासाठी? २०११ च्या शिरगणतीत देशातल्या शेकडा ४५ कुटुंबांजवळ सायकल होती. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली देण्यास आरंभ केला आणि माध्यमिक शाळेतील मुलींची भरती जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या. सरकार सायकल देते. ती मुलगी ज्या रस्त्याने शाळेला जाणार तो दुसऱ्या खात्याकडे असतो.

राहता राहिला जागेचा प्रश्न. ‘रस्ता आधीच अरुंद, त्यात सायकलमार्ग कोठून काढणार?’ असे सभेत कोणी विचारले की टाळ्या पडतात. उत्तरासाठी मोजपट्टी घेऊन आपल्याच रस्त्यावर जावे. उभी मोटार कडेची सुमारे २ मीटर रुंदीची जागा अडवते आणि लांबीने ५ मीटर. १९६२ च्या शिफारशीतली किमान रुंदी हीच, २ मीटर. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लावू दिल्या आहेत तेथे दोन सायकलमार्गांची जागा आज या क्षणी उपलब्ध आहे. ती कोणाला तरी दिवसाचे दहा तास उभे राहण्यासाठी फुकट देऊन टाकलेली आहे, इतकेच. नगरसेवक सायकलमार्गाला विरोध करतात असे आपण म्हणतो, पण सभागृहात सायकलीचा कोणी द्वेष करत नाही. दारासमोरची गाडी हलवायला सांगणारी निविदा आली की मतदार फोन करतात. ते फोन कोण करतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.